टेलेक्सवरची थाप

सकाळपासून मिलचं उत्तर नव्हतं आणि आमचे अध्यक्ष काळेसाहेब खुशीत होते.

"घाम फुटलाय त्यांना," ते म्हणाले. "आता आपण गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला."

नागपुरातल्या विणकरांच्या एका सहकारी संघात मी खरेदी बघत असे. सूत दक्षिणेतल्या एका मिलमधून यायचं. गोदामात आठवड्यापुरतं सूत उरलं होतं आणि मिल डिलिव्हरी पुढे ढकलत होती. म्हणून मी टेलेक्स पाठवला : "शनिवारपर्यंत माल निघाला नाही, तर ऑर्डर रद्द समजा. दुसरी पार्टी तयार आहे." दुसरी पार्टी कुठेच नव्हती.

टेलेक्स म्हणजे तारेवरून चालणारा टाइपरायटर. इथे टाइप केलं की तिकडे कागदावर उमटतं. संघाने तो नुकताच घेतला होता. त्याआधी मिलचा एजंट समोर येऊन बसायचा. त्याने "माल नाही" म्हटलं, की मी फाईल मिटून पेनला टोपण लावायची. माल असला, तर तो चहा पीत बसून राहायचा. खरंच नसला, तर चहा टाकून उठायचा. मी सहसा चुकत नसे.

आता ना एजंट, ना चहा. ही शांतता कसली, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी उमरेडकडचे जुने विणकर नामदेवराव आले.

"बाई, काहून चूप बसल्या? सूत संपून राहिलं."

"मिलवर दबाव आणतोय," काळेसाहेब म्हणाले. "तीन पत्ती खेळता ना? तसंच."

"पत्त्यात समोरच्याचं थोबाड तरी दिसते, साहेब. तुम्ही तं भिताडासंगं खेळून राहिले."

शनिवार गेला. सोमवारी मशीन खडखडलं : "आपल्या सूचनेनुसार ऑर्डर रद्द. माल इतरत्र दिला."

"हीपण थाप," काळेसाहेब म्हणाले.

"मला खरं वाटतंय."

"कशावरून?"

मी कागद पुन्हा हातात घेतला. एकदा वाचलं की धमकी वाटे, पुन्हा वाचलं की नुसता निरोप.

शेवटी ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी तिकडचा क्लार्क मिळाला. त्यांचा टेलेक्स ऑपरेटर रजेवर होता. आमचा कागद शनिवारपर्यंत मशीनलाच लटकत होता.

"तुमच्या साहेबांना दाखवलात?"

"त्यात दाखवायचं काय? रद्द समजा, असं तुम्हीच लिहिलं होतंत."

फोन ठेवला आणि नवा टेलेक्स पाठवला : "दुसरी पार्टी नाही. माग बंद पडत आहेत. सूत हवं आहे."

काळेसाहेबांनी डोक्याला हात लावला. "सगळे पत्ते उघडे टाकलेत तुम्ही!"

अर्ध्या तासात उत्तर आलं : अर्धा माल गुरुवारी निघेल. सगळा माल इतरत्र दिला होता, तर हा अर्धा कुठून आला, ते मला आजही कळलेलं नाही.

तो पोचेपर्यंत माग अकरा दिवस बंद राहिले. दोन तरुण विणकर कोराडीला मजुरीला गेले, ते मागावर परतले नाहीत. नामदेवरावांनी येऊन मला त्यांची नावं सांगितली.

तेव्हापासून टेलेक्सवर मी जे हवं आहे तेवढंच लिहायची. थाप मारायची असली, तर मिलच्या गावचं रेल्वेचं तिकीट काढायची.