जावयाचं कपाळ

हॉटेलात ताटं वाढायला चाकांवरचं यंत्र आलं तेव्हा आम्ही त्याचं नाव जावई ठेवलं. त्याला धक्का लागलेला मालकांना खपायचा नाही, त्याच्यावर कुणी ओरडायचं नाही, आणि जरा काम झालं की ते भिंतीला टेकून चार्जिंगला बसायचं. ताटं मात्र नीट न्यायचं. टेबलाशी थांबून पुस्तकी मराठीत म्हणायचं, "कृपया आपले पदार्थ घ्यावेत."

मी आत भाकऱ्या करते. चुलीपाशी बसलं की बाहेरचं काही दिसत नाही. पूर्वी आमचा वाढपी भटारखान्याच्या खिडकीशी येऊन सांगायचा, "मावशे, कोपऱ्यात माढ्याची आजी बसलीया. दात न्हाईत, मऊ दे." मग परत येऊन, "आजीनं अजून मागितली की." नवरा गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. जग म्हणून जे काही होतं, ते त्या खिडकीतूनच यायचं.

जावई आला आणि वाढपी चिंचोळीला कारखान्यात लागला. बाकीचे म्हणाले, आपली पायपीट वाचली. त्यांचंही खरंच होतं. मला मात्र फार एकटं वाटायला लागलं. ताटं रिकामी परत यायची, पण कुणी खाल्लं ते कळायचं नाही. सवयीनं मी यंत्रालाच विचारायचे, "कोण बसलंय रे?" आचारी हसायचा.

खंडेनवमीला आम्ही तवा, परात, मिक्सर, सगळ्यांची पूजा करतो. राबणाऱ्याला वगळू नये म्हणून मी जावयालाही हळद-कुंकू लावलं, कपाळ असावं असं वाटलं तिथं, चांगलं बोट भरून. दुपारच्या गर्दीत ते दारातच अडून उभं राहिलं. कपाळ समजून मी त्याचा डोळाच लिंपला होता.

मालक फोनवर कंपनीच्या माणसाशी बोलत होते आणि भाकऱ्या तशाच पडून होत्या. शेवटी मीच पदर खोचून टोपली उचलली.

बाहेर रस्त्याकडच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. कडक भाकरीचे तुकडे आमटीत बुडवून ते भिजायची वाट बघत होते.

"भाकरी लई चांगली करतंय तुमचं मशीन," ते म्हणाले.

"मशीन न्हाय, मी करते की."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. "मला वाटलं, आत बी मशीनच आसंल."

"रोज येता?"

"व्हय. घरी कोण हाय?"

"मऊ देऊ का?"

"द्या की. दात कुटं राहिल्यात आता."

"मग रोज कडक कशाला खाता?"

"सांगायचं कुणाला?" ते म्हणाले.

मऊ भाकरी आणायला मी वळले. तोवर मालकांनी जावयाचं कपाळ पुसलं होतं. दारात ते माझ्यासमोर येऊन थांबलं आणि म्हणालं, "कृपया मला वाट द्यावी."

मी बाजूला झाले.