हमीदभाईंनी लटकवलेलं वजन

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. मशीन बंद केलं आणि मनात पहिला विचार काय आला, तर... आता तो नट कोण खोलणार?

नागापूरला माझ्या वर्कशॉपशेजारीच त्यांचं गॅरेज. जुन्या गाडीच्या चाकामधला एक्सलचा मोठा नट गंजून बसला की भलेभले हात टेकतात. त्या मापाचा पाना बाजारात मिळाला नाही, तर हमीदभाई ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून कापायचे, मी तो घासून मापात आणायचा, आणि जमला नाही की दोघांनी एकमेकांना शिव्या घालायच्या. पान्याच्या दांड्यावर हातपंपाचा जुना पाइप चढवायचा, इथवर कोणीही करील. पण पुढे हा माणूस जोरच लावत नसे! नटावर डिझेल सोडायचं, पाइपाच्या टोकाला वजन म्हणून जुना ब्रेक ड्रम बांधायचा आणि चहाला चालू लागायचं. मला ते कधीच पटलं नाही.

"हातोडा हाणा की," मी वैतागायचो.

"हातोड्यानं आटे मरत्यात, साळवे. लोखंडाला जरा येळ दे. नट सुटला की टक् वाजंल, तवा बघू."

त्या आवाजासाठी ते चहाचा कप तसाच धरून बसत. त्यात एवढं काय होतं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

शेवटची भेट त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये. वडिलांची जीप चालू करून भाभींना पुणतांब्याला, माहेरी न्यायचं, हा त्यांचा ध्यास. मागच्या चाकाचा नट मात्र हटून बसलेला. त्यांनी पाइप आडवा चढवला, ड्रम लटकवला. "ह्याची टक् मला ऐकायचीच हाय," म्हणाले. त्याच आठवड्यात गेले.

चाळिसाव्याला जेवणं झाल्यावर भाभी हळूच म्हणाल्या, "साळवेभाऊ, शेडमदी जरा बघता? परवा दुपारी आत टक् वाजलं. मला वाटलं, हेच हायेत... मी हाक मारली."

कुलूप त्यांनीच काढलं. आत कोणीच गेलं नव्हतं. ड्रम जमिनीला टेकला होता, पाइप तिरका झाला होता. मी पाना काढून नटाला हात लावला. तो चक्क बोटांनी फिरला. मला रडूच आलं.

"जीप पुणतांब्याला जाणार, भाभी. ते आता माझं काम," मी म्हणालो. "पण एक सांगा, त्या आवाजात असं काय हाय?"

भाभी पाइपावर हात ठेवून उभ्या होत्या.

"कुनी घरी आल्यागत वाटतं," त्या म्हणाल्या.