सगळ्यांचा कोड सांभाळणारी व्हर्ना

अमेरिकेतल्या डुलूथ शहराच्या चढउतारांवर बर्फ साचला की गाड्या घसरतात आणि म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देणारे स्वयंसेवक कुठल्या तरी गल्लीत अडकून बसतात. व्हर्ना लिंडक्विस्टच्या आईचं सूप असंच एकदा गारढोण होऊन आलं. व्हर्ना ग्रंथालयातले संगणक सांभाळायची. तिने चढ टाळून वाट आखणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा कोड इंटरनेटवरच्या एका रेपोत, म्हणजे कोडाच्या सामायिक कोठारात, सर्वांसाठी खुला ठेवला. कुणीही न्यावा, सुधारावा, बदल पाठवावा.

माणसं जमत गेली. क्यूबेकची मिरेय तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. आल्बुकर्कीचा रूबेन आर्चुलेटा निवृत्तीनंतर हौसेने कोड शिकलेला पोस्टमन. तिघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण एकमेकांच्या कोडातल्या खोडी त्यांना पाठ होत्या.

एका शनिवारी रूबेन आपली जुनी प्रत रेपोत चढवायला गेला. रेपो ती घेईना, तेव्हा त्याने जबरदस्तीचा हुकूम दिला. झालं! जुनी प्रत नव्यावर बसली आणि सगळ्यांचं हिवाळाभराचं काम रेपोतून गायब.

त्याने लगेच फोन लावला. "व्हर्ना, मी सगळ्यांचं वाटोळं केलं गं."

"आधी कीबोर्डवरून हात काढ आणि कॉफी पी. मी बघते."

तिने लगेच मिरेयला गाठलं. "तुझ्याकडची प्रत ताजी आहे ना? तिला हात लावू नकोस."

"कालच घेतलीये. पण त्या थेरड्याला आधी हाकल!"

"अगं, फाटक मी उघडं टाकलं. गाय आत शिरली तर गाईला काय मारायचं?"

"गाय कसली, बैल आहे बैल!" मिरेय म्हणाली, पण हसली.

तिच्या संगणकावर नुसता कोड नव्हता, पहिल्या दिवसापासूनचा त्याचा सगळा इतिहास होता. व्हर्नाने तो तिच्याकडून रेपोत परत चढवून घेतला. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी आलं.

रूबेनने मात्र निरोप धाडला होता, 'माझं नाव काढून टाका.' व्हर्नाने त्यालाच काम सांगितलं. "दुसऱ्याने तपासल्याशिवाय मुख्य कोडात कुणालाही काही घालता येऊ नये, असा नियम लाव. पाय कुठे घसरतो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

"तुलाही लागू?"

"मला आधी."

पुढच्या हिवाळ्यात व्हर्नानेच घाईघाईत एक बदल पाठवला. रूबेनने तो तसाच परत केला. 'चाचणी चालवली नाहीस, बाईसाहेब!' तिने चालवून पाहिली, तर तिच्या बदलाने गाडी थेट तळ्यात जात होती. ती एकटीच खोखो हसली, चूक दुरुस्त केली, आणि रेपोचे आपल्याइतकेच हक्क रूबेन आणि मिरेयला देऊन टाकले.

"एवढं कशाला?" रूबेनने विचारलं.

"मी असेन नसेन. लोकांचं जेवण गरम पोहोचायला हवं."