एक एन्झाइम, एक पक्की जागा आणि मानसी

लॅबमध्ये उंदरांपेक्षा भराभर काही वाढत असेल तर ते किस्से. उंदरांना निदान पिंजरे असतात, किस्से थेट कँटीनमध्ये पोचतात. आमच्या फरीदाबादच्या लॅबमधले निम्मे किस्से माझे आणि मानसीचे आहेत, आणि ते तिनंच पसरवले असावेत असा माझा संशय आहे.

आधी भांडण कशाचं ते सांगते. सीडी-७३ नावाचं एक एन्झाइम आहे. पेशीच्या अंगावर बसून ते एडेनोसिन बनवतं, आणि एडेनोसिन शरीरातल्या लढाऊ पेशींना सांगतं, "बस झालं, आता शांत व्हा." आतड्याला सूज आली असेल तर हे फार चांगलं. पण कॅन्सरची गाठही हेच एन्झाइम अंगावर मिरवते आणि चाल करून आलेल्या लढाऊ पेशींना थोपटून झोपवते. मी सूज बघते, म्हणून मला ते एन्झाइम टिकवायचं असतं. मानसी कॅन्सर बघते, म्हणून तिला ते बंद पाडायचं असतं. दोघींचं टेबल एक, फ्रिज एक. दोघी काँट्रॅक्टवर, आणि पक्की जागाही निघणार होती एकच. पुढच्या वेळी माझं वय बसणार नव्हतं.

मानसी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. माझ्याहून फार लहान नाही, पण पहिल्या दिवसापासून मला 'ताई' म्हणते. सगळ्यांसमोर!

*

लॅब बघायला मोठे पाहुणे आले की आमच्या लॅबप्रमुख भाटिया मॅडम त्यांना आधी मानसीकडे नेतात. मानसी 'कॅन्सर' म्हणते आणि सगळे पुढे वाकतात. मग माझी पाळी. मी 'आतड्याची सूज' म्हणते आणि सगळे घड्याळ बघतात.

एकदा एक साहेब मात्र थांबले. बाकीचे पुढे गेले तरी हे टेबलाच्या माझ्याच टोकापाशी. मी खुश. मानसीकडे एक नजर टाकून घेतली. साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "मॅडम, तो फिर गोलगप्पे बिल्कुल बंद कर दूँ क्या?"

*

हे एन्झाइम काम करतं तेव्हा फॉस्फेट सुटतं. एक रसायन घातलं की त्या फॉस्फेटमुळे आमची खणाखणांची प्लेट हिरवी होते. जितकी हिरवी, तितकं काम जास्त.

मानसीच्या प्लेटचं महिनाभर कौतुक चाललं होतं. मग एके दिवशी माझी प्लेट अशी हिरवीगार झाली की मी तिचा फोटो काढून लॅबच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना समोसे जाहीर केले. मानसी येऊन प्लेट बघत उभी राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, पेशी कशात धुतल्यास?"

मी रोजच्या सलाइनमध्ये धुतल्या होत्या. त्या सलाइनमध्ये फॉस्फेटच असतं. ज्या खणांत पेशी नव्हत्या, तेही हिरवे होते. समोसे सगळ्यांनी खाल्ले. मानसीनं दोन खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात तिची प्लेट काठोकाठ हिरवी. साबणातही फॉस्फेट असतं हे ती विसरली होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि तिच्याइतक्याच हळू आवाजात विचारलं, "मानसी, बाटली कशानं धुतलीस?" त्या दिवशी मला घरी जाताना मेट्रोत उभं राहावं लागलं, पण पाय अजिबात दुखले नाहीत.

*

हे सगळं मी रोज दिल्लीत घरी, लक्ष्मीबाई नगरला पोचले की नवऱ्याला सांगते. ते केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, त्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखं करण्याची त्यांना सवय आहे. एकदा मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाले, "अगं, ते तुझं शांत करणारं एन्झाइम आहे ना, ते घरी येताना लॅबमध्येच ठेवून येतेस का?"

मी त्यांना दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

*

मग मानसीच्या औषधानं उंदरांच्या गाठी लहान व्हायला लागल्या. मॅडमनी मिठाई आणली. मी अर्धीच बर्फी घेतली, पण हसत हसत खाल्ली.

पंधरवड्यानं मानसी खाली मान घालून माझ्याकडे आली. म्हणाली, गाठी लहान झाल्यात, पण उंदीर वाळत चाललेत. त्यांचं पोट बिघडलंय. एकदा बघशील का? मी तिला मुद्दाम दोनदा बोलायला लावलं. मग मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आतडी चांगलीच सुजलेली. एन्झाइम बंद पाडलं की गाठीवर लढणाऱ्या पेशी जाग्या होतात, पण त्या आतड्यावरही तुटून पडतात. म्हणजे माझं काम खरं ठरलं होतं, आणि तेही तिच्याच उंदरांत!

उंदरांना जुलाब झाले म्हणून इतका आनंद झालेली बाई दिल्लीत दुसरी नसेल.

*

शेवटी पक्क्या जागेचा इंटरव्ह्यू आला. आम्ही दोघी बाहेर बसलो, मध्ये एक खुर्ची सोडून. त्या खुर्चीवर बंगळुरूहून आलेला एक उमेदवार येऊन बसला. त्याचं सगळं काम लिव्हरवरचं. आमच्या एन्झाइमचं त्यानं नुसतं नाव ऐकलेलं. वेळ घालवायला त्यानं विचारलं, आप लोग क्या करते हैं?

मानसीनं गाठीचं सांगायला सुरुवात केली. तो कान देऊन ऐकतोय हे मला बघवेना. म्हणून मी आतड्याचं सुरू केलं. तिनं तपशील वाढवले, मी त्याहून जास्त. तिनं मोबाइलवर आलेख दाखवला, मी फोटो दाखवले. तो बिचारा एकदा डावीकडे मान वळवी, एकदा उजवीकडे.

आधी मला आत बोलावलं. कमिटीनं विचारलं, गाठीत हे एन्झाइम काय करतं? मानसीच्या कामाचं कौतुक माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी म्हणाले, माझा विषय आतडं. मग मानसी गेली. तिला आतड्याचं विचारलं. ती म्हणाली, माझा विषय गाठ. शेवटी तो गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

संध्याकाळी बोर्डावर त्याचं नाव लागलं.

एरवी मी मानसीची मेट्रो जाऊ देते आणि मागची पकडते. त्या दिवशी दोघी एकाच डब्यात चढलो, शेजारी शेजारी बसलो. लाजपत नगर जवळ आल्यावर दोघी गाडी बदलायला उठलो.

मग मानसी म्हणाली, "ताई, तू त्याला आतड्याचे फोटोसुद्धा दाखवलेस?"

"तू आलेख दाखवलास म्हणून."