मास्क का काढला

आमच्या फॉर्मवर सातवा प्रश्न असा होता: फवारणी करताना मास्क वापरत नसल्यास त्याचं कारण काय? खाली चौकटी होत्या. माहिती नाही, मिळत नाही, उकडतं, निष्काळजीपणा, आणि सगळ्यात शेवटी इतर. ‘इतर’पुढे अर्धी ओळ कोरी. त्या अर्ध्या ओळीत मी एका माणसाबद्दल चार शब्द लिहायला हवे होते. मी लिहिले नाहीत, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने तो माणूस पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधल्या तासात तोंडाला फेस येऊन पडला.

मी कोकणातली, सावंतवाडीच्या बाजूची. शाळा आठवीत सुटली. नवऱ्याला अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं तेव्हा मी वऱ्हाडात आले. इथलं ऊन आणि इथलं बोलणं, दोन्ही पहिल्यांदा अंगावर आल्यासारखं वाटलं. जठारपेठेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर अभ्यास करणाऱ्या लोकांनी जागा घेतली होती. तिथे मी झाडलोट करायचे, चहा करायचे. फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होते, फुकट मास्क वाटले तरी ते घालत नाहीत, तर असं का, हे त्यांना शोधायचं होतं. माणूस जसा वागतो तसा का वागतो, याचंही शास्त्र असतं, हे मला चहाचे कप गोळा करताना कळलं.

तिथल्या मोठ्या बाई पुण्याच्या. एकदा गावात जाणारी मुलगी आजारी पडली, तर त्या मला म्हणाल्या, “तू चल. अक्षर बरं आहे तुझं, आणि तुझ्याशी बायका बोलतील.” त्या कामाला बारावी पास लागत होतं. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रोज वाटायचं, आज दाखला मागतील. एकेक फॉर्म तीनदा तपासायचे. पण बाईंनी मला शेजारी बसवून शिकवलं, स्वतःच्या डब्यातलं खायला दिलं. त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही. त्या सांगायच्या, “माणूस बोलतो ते लिहून घे, पण त्याचे हात काय करतात तेही बघ. खरं कारण पुष्कळदा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.”

मूर्तिजापूरच्या वाटेवरचं एक गाव माझ्याकडे होतं. तिथे एक मुसलमान जोडपं राहायचं. स्वतःची जमीन नव्हती. तो लोकांच्या शेतात फवारणी करायचा, ती निंदण-वेचणीला जायची. मी तिला भाभी म्हणायचे. घरात ती हिंदी-उर्दू बोलायची आणि आमच्याशी फाडफाड वऱ्हाडी.

“तुमी कोकणातल्या काहो ताई?” पहिल्याच दिवशी तिने विचारलं. “तुमचं बोलणं आयकलं का वाटते, कोणी पोराले झोपवून राह्यलं.”

तिचा नवरा दारात पंप धूत होता. तो हसून म्हणाला, “मंग माह्या घरात बोलवत जा त्यायले. इथं तर रोज उठवायचंच काम चालते.”

“तुमाले उठवा लागते म्हणून!” ती म्हणाली.

मास्क त्यांच्याकडे होता. खुंटीला टांगलेला, स्वच्छ. मी विचारलं, का घालत नाही? तो म्हणाला, “गरम होते ना ताई.” मी उकडतंच्या चौकटीत खूण केली. सगळं गाव हेच सांगत होतं. आता वाटतं, आम्हाला पटेल असं उत्तर त्यांना सापडलं होतं, आणि आम्हाला लिहायला सोपं उत्तर मिळालं होतं. दोघांचंही भागलं.

दुसऱ्या खेपेला मी शेतात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारावा लागायचा आणि तोच तोंडावर यायचा. औषधावर औषध चाललं होतं, तरी बोंडातली अळी मरत नव्हती. शेतकरी हातात बोंड फोडून बघायचे आणि मिसळायला अजून एक बाटली आणायचे. चारजण पिकाच्या चार तासांतून बरोबरीने चालत होते. भाभीचा नवरा त्यांत दुसरा होता, आणि त्या दिवशी त्याने मास्क घातलेला होता. मी येणार हे त्याला माहीत होतं.

दहा-बारा पावलांवर त्याच्या पंपाचं नोझल, फवारा सुटतो ते टोक, चोंदलं. शेताच्या विहिरीचं पाणी गढूळ, तेच पंपात भरायचे. त्याने मास्क गळ्यात ओढला, नोझल फिरवून काढलं, ओठांत धरलं आणि जोरात फुंकलं. थुंकला. पुन्हा बसवलं. मास्क वर केला. थोडं पुढे गेला की पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी मास्क गळ्यातच राहिला.

पुढच्या तासातला एकजण ओरडला, “काहून बे, कुठं राह्यला? बायको आठवली काय?”

“अबे येऊन राह्यलो ना!” तो म्हणाला आणि भरभर चालायला लागला.

माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं. उकडण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तोंड मोकळं लागत होतं, कारण तोंड हेच नोझल साफ करायचं हत्यार होतं. आणि नोझलमध्ये घालायला तार शोधत बसला असता तर बाकीचे तिघं पुढे गेले असते. कार्यालयात परत येऊन मी फॉर्म पुढे घेतला. ‘इतर’च्या पुढे पेनाचं टोक टेकवलं. आमच्यातल्या शिकलेल्या मुलाने आधीच बजावलं होतं की ‘इतर’ शक्यतो भरू नका, संगणकात घालताना गोंधळ होतो. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं, त्यांना हे माहीत नसेल? आणि नसेल, तर ते मी सांगायचं? उद्या विचारलं, तुझं शिक्षण किती, तर? मी निष्काळजीपणा या चौकटीत खूण केली. कारण माझ्यासमोर मास्क गळ्यात ओढलेला होता, आणि त्याला दुसरी चौकट नव्हती.

माझ्यासारख्या खुणा इतरांनीही केल्या असतील. निष्काळजीपणा पुष्कळ निघाला. म्हणून भीती दाखवायचं ठरलं. दवाखान्यातल्या खाटेवरच्या माणसाचं मोठं चित्र छापून गावोगाव लावलं. लोक ते बघून खरंच घाबरले. आमची जीप दिसली की मास्क वर जायचे. आकडे सुधारले म्हणून कार्यालयातली मुलं खूश होती.

त्यानंतर भाभीचा नवरा शेतात पडला. भाभीचा भाऊ अमरावतीला होता, म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी कळल्या दिवशीच बसने गेले. वार्डात खाटा पुरत नव्हत्या, दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. तो खाटेवर होता. हात पट्टीने बांधलेले, कारण तो सलाईन उपटत होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. कोणाला ओळखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही.

भाभी मला घेऊन व्हरांड्यात आली. तिने मास्क दुपट्ट्याच्या टोकात बांधून आणला होता. तो सोडून माझ्या हातात दिला.

“डॉक्टर मले म्हनते, मास्क का नाई घातला. भाऊ म्हनते, का नाई घातला. सरपंच आला, तो बी तेच. ताई, मी सकाळी माह्या हातानं त्यायच्या तोंडाले बांधला होता. मंग काहून काढला? मले सांगा. माह्यावर रागानं काढला काय? सकाळी आमचं थोडं वाजलं होतं.”

ती हे खरंच विचारत होती. नवरा मरेल की जगेल याच्याबरोबर तिला हे दुसरं ओझं झालं होतं.

मी म्हणाले, “नाही भाभी. नोझल चोंदतं. ते तोंडाने फुंकावं लागतं, म्हणून काढतात. सगळेच काढतात. मी बघितलं होतं.”

“कधी पाह्यलं?”

“मागच्या खेपेला.”

ती सावकाश म्हणाली, “तुमी पाह्यलं होतं. मंग तुमी लिवून नेलं असन ना? साहेब लोकायले सांगतलं असन?”

खोटं बोलता आलं असतं, तिला वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, “नाही लिहिलं. मला भीती वाटली.”

“तुमाले कायची भीती?” असं म्हणून ती आत गेली.

त्या रात्री मी अकोल्याला परत आले. सकाळी बाईंना सगळं सांगितलं: नोझल, खोटी खूण, आठवी. काम गेलं असंच धरून सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला आणि सातवा प्रश्न वाचला. मग म्हणाल्या, “चूक फॉर्मची आहे. फवारणाऱ्यांच्या चुकीसाठी चार चौकटी केल्या मी, आणि आपल्याला न सुचलेल्या गोष्टीसाठी अर्धी ओळ.” नंतर त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं करून, नोझल कसं काढतात, कसं फुंकतात, ते करून दाखवायला लावलं. त्याच आठवड्यात प्रत्येक पंपाला दोरीने एक बारीक तार आणि पाणी गाळायला जाळीचं फडकं द्यायचं ठरलं. चित्रं काढून टाकली. माझी नोकरी राहिली. त्याबद्दल कृतज्ञ वाटतं आणि लाजही वाटते. दोन्ही वेगळं करता येत नाही.

तो वाचला. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला ओळखलं. पण नजर अंधुक झाली ती झालीच, आणि हात थरथरायचे. पेला धरला तरी पाणी सांडायचं.

पुढच्या हंगामात मी तारा वाटायला त्या गावात गेले. तो ओट्यावर उन्हात बसला होता. आवाजावरून ओळखून म्हणाला, “या ताई. बोला काहीतरी, झोप येऊ द्या जराशी.” मी हसायचा प्रयत्न केला. भाभी कुठे आहे, विचारलं.

“वावरात,” तो म्हणाला.

धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, मला ती दिसली. साडीवर नवऱ्याचा शर्ट, पाठीवर पंप, तोंडाला मास्क. तिघं गडी आणि ही चौथी. मी जवळ जाऊन तार दिली. तिने ती पंपाच्या पट्ट्याला नीट बांधून घेतली.

“भाभी, तुम्ही नका ना करू हे,” मी म्हणाले.

“मंग कोनं करावं?” तिने विचारलं. या प्रश्नाला आमच्याकडे चौकट नव्हती, आणि बाईंकडेही नव्हती. तोवर बाकीचे तिघं पुढे गेले होते. मग ती वळली आणि त्यांना गाठायला भरभर चालू लागली.