बोटीवर रुमाल टाकायचा होता

त्या वर्षी मला साठावं लागलं होतं, म्हणजे मी अगदीच पोरगी. आता सत्तरीच्या दारात उभं राहून त्या बाईकडे पाहते, तेव्हा वाटतं, हिच्या हातात फोन दिला कोणी?

सुनेनं दिला. त्यावर एक व्हिडिओही तिनंच दाखवला. कोकणातला एक बोटवाला सांगत होता, या आमच्याबरोबर, बोट आमची, गळ-दोरी आमची, समुद्रात मासा कसा धरायचा तेही आम्हीच दाखवू. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि दरवेळी मला माझा थोरला भाऊ दिसला.

भाऊ माहेरी, रिठदला. मला दिली केनवडला. लहानपणी आम्ही दोघं तलावावर गळ टाकून बसायचो. दोरीला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधायचा. तो पाण्यावर तरंगे, आणि बुडाला की समजायचं, मासा लागला, बहुतेक मरळच. पुढे भावानं शेती केली, नातवंडं खेळवली, पण तलाव सोडला नाही. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"मले आता बुडालेला तुकडा दिसत नाई, अन् तरंगलेलाबी दिसत नाई," भाऊ म्हणाला आणि गळ छपराच्या वाशात खोचून टाकला. तेव्हापासून नुसता ओट्यावर बसून असे. कोणी बोललं तर हूं. ते हूं मला ऐकवत नव्हतं. त्याच्या हातात पुन्हा दोरी द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ज्याला तलावातलं दिसत नाही त्याला समुद्रातलं काय दिसणार, हा प्रश्न त्या साठ वर्षांच्या शहाणीला पडलाच नाही. तिला वाटलं, समुद्र एवढा मोठा, तिथं सगळंच मोठं दिसत असेल.

बोटवाल्याला फोन लावला.

"आजी, अख्खी बोट हवी, की इतरांबरोबर वाटून?"

मला काही उमजेना. आमच्याकडे काळीपिवळी जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून विचारलं, "तुमची बोट किती शिटा भरल्यावर सुटते?"

"भरायची वाट नाही बघत आम्ही. आधी बुकिंग करायचं."

"म्हंजे रुमाल टाकाचा?"

पलीकडून 'काय टाकायचा?' असं आलं. माझं तरी काय चुकलं? रिसोडच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, जागा आपली. बुकिंग म्हणजे मला तेवढंच ठाऊक. मी तर हेही विचारून घेतलं, की आदल्या दिवशी कोणाला रुमाल घेऊन पुढं धाडू का.

"रुमाल नको, आजी. फक्त तारीख सांगा."

तारीख माझ्याकडे तयार होती. "पेरण्या झाल्या की येतो."

"त्या कधी होतात?"

"आता थे माह्या हातात हाय काय? मिरग बरसला त मिरगात, नाई त आर्द्रात. मंग आमी मोकळेच."

"अहो, तेव्हा समुद्र बंद असतो."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. सुनेला म्हटलं, "समुद्र बंद हाय म्हंते."

"दुरुस्तीले काढला असंन," सून म्हणाली. मेथी निवडत होती, मानही वर केली नाही.

बोटवाल्यानं बिचाऱ्यानं समजावलं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडतात, आणि तुमच्यासारख्यांनी तर दिवाळीनंतरच यावं. माझ्या डोक्यात ते काही केल्या बसेना. पाऊस पडला की काम सुरू होतं, बंद कसं होईल? आणि दिवाळीपर्यंत भावाची नजर किती उरेल?

तरी तयारी सुरू केली. बोटीत पोटात ढवळतं असं सुनेनं सांगितलं, म्हणून सवयीसाठी कडुलिंबाला झोका बांधून जेवल्यावर त्यावर बसले. "आई, नागपंचमीले टाइम हाय अजून," सून म्हणाली. उकिरड्याजवळची गांडुळं मडक्यात भरली. ते मडकं तिनं अंगणातूनच परत पाठवलं. आणि मग माझी खरी अक्कल चालली. गेल्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून डब्यात लाल रंग उरला होता. धांड्याचे चांगले जाड तुकडे कापले आणि लालभडक रंगवले. म्हटलं, आता कसा दिसत नाही पाहू.

ते घेऊन रिठद गाठलं आणि बोटीचं सगळं सांगितलं. भावानं एक तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"काळा रंगवला काय, बाई?"

लाल म्हणून सांगायची हिंमत झाली नाही.

"मले नेऊन काय करतं?" तो म्हणाला. "तू मासे धरजो, मी हवा खाईन."

तिथंच ओट्यावर बसून बोटवाल्याला फोन लावला, भावालाही ऐकू येईल असा त्याचा आवाज मोठा केला. "वो भाऊ, तुकडा केवढा चालते तुमच्या समुद्रात? भोपळ्याएवढा बांधला त?"

"कसला तुकडा?"

"थोच, तरंगाचा. बुडला की मासा लागला समजते थो."

"आजी, आमच्याकडे तरंगतं काही बांधत नाही. दोरीला शिसं लावून तळाला सोडतो. दोरी बोटावर घ्यायची. मासा लागला की बोटाला कळतं. बघायचं काय त्यात?"

मी माझ्या लाल तुकड्यांकडे पाहत बसले. एवढी मेहनत फुकट गेली, हेच आधी मनात आलं. अशी ती बाई! भाऊ मात्र पुढं सरकला होता.

"दोरी हातात देता?" त्यानं फोनच्या दिशेनं विचारलं. "काठीले बांधून नाई?"

"हातातच, आजोबा."

भावानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "दिवाळीनंतर कोनती तारीख हाय तुमची? लिहून घ्या, दोघं जन येतो. मी हाओ अन् माही बहीन. थे बोलते लय, तिले मांगच्या बाजूनं बसवा."

मग वाशातला गळ खाली निघाला. दोरी त्यानं बोटावर गुंडाळली, दुसरं टोक माझ्या हातात देऊन मला अंगणाच्या पार कडेला उभं केलं, आणि डोळे मिटून घेतले.

"हं, वढ."

मी हळूच ओढलं.

"मरळ," तो म्हणाला.

मी हिसका दिला.

"हे तू हायेस. मासा इतका आगाऊ नसते."