शनिवारची चाळीस मिनिटं

थोरल्यासारखी पाण्याची चावी फिरवणारा माणूस अख्ख्या गावात दुसरा नव्हता, आणि हे तो कुणी विचारायच्या आधीच सांगायचा. बावीस वर्षं एकच काम. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची, आधी वरच्या गल्लीचं पाणी सोडायचं, ते बंद करून मग खालच्या गल्लीचं. त्याची शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. पण धाकट्या बहिणीला त्यानं शिकवलं आणि ती पत्रकार झाली. हे तर तो खड्ड्यातूनसुद्धा सांगायचा, वरून जाणाऱ्या पायांना.

शहरातल्या मोठ्या पेपरानं इकडची पानं बंद केली, तेव्हा धाकटीनं घरी येऊन चार पानांचं साप्ताहिक काढलं. तिची पद्धत न्यारी. दर बुधवारी दुपारी शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी ती बसायची. काय छापायचं ते लोक सांगायचे आणि माहिती गोळा करायलाही तेच. नियम एकच. ज्याच्याबद्दल बातमी, त्याला ती छापण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, आणि त्याचं म्हणणं बातमीच्या खाली घालायचं.

लोक जमले ते थोरल्यामुळे. शनिवारी सकाळी तो गठ्ठा काखेत मारून दारोदार पेपर वाटायचा. "वाचा. आमच्या धाकटीचा आहे. हिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

एका बुधवारी खालच्या गल्लीतली इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "पाणी कधी येईल त्याचा नेम नाही बाई." धाकटीनं उपाय काढला. पंधरा घरांनी महिनाभर रोज चिठ्ठीवर पाण्याची वेळ लिहायची. सगळ्यात जास्त उड्या थोरल्यानं मारल्या. पेन्सिली त्यानंच वाटल्या. "मिनिटासकट लिहा. टाकीचा दाब कमी पडतो म्हणून किती वर्षं ओरडतोय मी. पडू दे पाण्याच्या ऑफिसवाल्यांचं पितळ उघडं."

महिना सरला. शिंप्यानं टेबलावर खडूनं सात रकाने आखले, वारांप्रमाणे चिठ्ठ्या मांडल्या. सहा रकाने सारखे, सात वीस, सात पंचवीस. शनिवारच्या रकान्यात मात्र आठ, आठ पाच.

"शनिवारी काय असतं बुवा?" शिंपी म्हणाला.

शिलाई मशीनला टेकलेल्या थोरल्याला सगळ्यांच्या आधी कळलं. वरच्या गल्लीचं पाणी सोडून तो पेपर वाटायला निघायचा. प्रत्येक दारात बहिणीचं कौतुक दोन-दोन मिनिटं. तोवर वरच्यांच्या टाक्या भरून वाहायच्या, खालच्यांच्या बादल्या कोरड्या. हे त्याच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात माणसं खच्चून भरली होती, आणि एकेकाला त्यानंच बोलावून आणलं होतं.

"शनिवारी तू येतोस की रे," मावशी म्हणाली. "आधी पेपर, मग पाणी. मला वाटायचं, तसंच असेल."

धाकटीनं त्याला कपडे घालून बघायच्या पडद्यामागं नेलं. दोघं जेमतेम मावली.

"चिठ्ठ्या हरवतात कधीकधी," तो कुजबुजला.

"साठ चिठ्ठ्या, दादा?"

"ऑफिसात लेखी गेलं की चावी काढून घेतात. याआधी दोघा चावीवाल्यांची गेलीय. या वयात मी दुसरं काय करू?"

"माहितीये."

"तुझ्यासाठीच वाटत होतो गं."

"तेही माहितीये. म्हणून तर तोंडातून शब्द फुटत नाहीये."

"ऑफिसात वाचतात तुझा पेपर?"

"तूच नेऊन देतोस ना."

पडद्याबाहेर शिंपी खाकरला. लोक थांबले होते.

धाकटीनं उभं राहून बातमी वाचली, आवाज हलू न देता. मग भावाकडं बघून विचारलं, "यावर तुमचं म्हणणं काय?"

जन्मात तिनं त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं. परक्यासारखं उभं केलं पोरीनं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटलं, बघा, याला म्हणतात पत्रकार.

"टाकीचा दाब..." त्यानं सुरुवात केली.

"दाबालाही शनिवार कळतो का?" शिंपी म्हणाला. लोक हसले. थोरला हसला नाही.

"लिही," तो म्हणाला. "पाणी सोडून पेपर वाटत होतो. चूक माझी. आणि हेही लिही, पेपर चांगला आहे."

"ते नाही लिहिता येणार, दादा."

शनिवारी खालच्या गल्लीला सात वीसला पाणी आलं. मावशीनं इस्त्रीच्या कपड्यांबरोबर घरोघर पेपर पोचवला. राहिला ऑफिसचा अंक. तो न्यायला कुणी पुढं होईना, धाकटीनंही त्याला ने म्हटलं नाही. नेला नाही तर ऑफिसातल्या साहेबांना कळणारही नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण पुढच्या बुधवारी कुणीतरी विचारलंच असतं, ऑफिसात अंक गेला का? आणि उत्तर तिला द्यावं लागलं असतं.

काम आटपून थोरला ऑफिसात गेला. अंक टेबलावर ठेवला.

"काय विशेष आज?" साहेबांनी चष्मा पुसत विचारलं.

"पहिलंच पान. खरं आहे सगळं."

साहेबांनी पान उघडलं. ते बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. थोरला तसाच उभा राहिला आणि त्यांची नजर ओळीवरून ओळीवर उतरताना बघत राहिला.